तिसरा उद्गार आईचा

दिल्लीत आम्ही मराठी ख्रिस्ती मूठभर. आमची उपासनाही दुसऱ्यांच्या चर्चमागच्या हॉलमध्ये, उसनवारीच्या जागेत. पण गुड फ्रायडेची जुनी रीत आम्ही सोडलेली नाही. येशूने वधस्तंभावरून काढलेल्या सात उद्गारांवर आमच्यातलेच सात जण बोलतात. तिसऱ्या उद्गारात त्याने मरता मरता आपल्या आईला एका शिष्याच्या हवाली केलं, आजपासून हाच तुझा मुलगा असं सांगितलं. हा उद्गार आमच्याकडे दरवर्षी कुठल्यातरी आईलाच देतात.

"यंदा तिसरा तुमच्याकडे," आमचे धर्मगुरू, पाळकसाहेब, मयूर विहारच्या आमच्या घरी चहा घेता घेता म्हणाले. "सगळ्यांचं मत पडलं, तुमच्याइतकं मनापासून कोण बोलणार?"

माझं डोकंच सणकलं. आमची एकुलती एक मुलगी गेल्या पावसाळ्याच्या शेवटी डेंग्यूने गेली होती. गुरुग्रामला नोकरी करायची, शनिवार-रविवार घरी यायची. त्या खेपेला आली ती ताप घेऊनच आली, आणि आठवड्याभरात सगळं आटोपलं.

"म्हणजे माझी गेली ती गेली, आता दुसऱ्याचं लेकरू घे आणि गप्प बस, असंच ना?" मी म्हणाले. "वा! छान वाटणी केलीत."

बिचारे पाळकसाहेब! कप हातातच राहिला त्यांचा. दुखवायचा हेतू कुणाचाच नव्हता, कळत होतं मला. पण ज्याचं जळतं त्याला कळतं.

माझा राग आमच्या घरात प्रसिद्धच आहे. संध्याकाळच्या प्रार्थनेत लेकीची पाळी आली की ती दिल्लीकर पोरगी म्हणायची, "प्रभू, आईचा गुस्सा थोडा कमी कर ना यार." देवाला यार! मी डोळे वटारायची, आणि तिचे बाबा डोळे मिटून गालातल्या गालात हसायचे. ती गेली आणि मी प्रार्थनेला बसणंच सोडलं. हे मात्र एकटेच बसत, सकाळ-संध्याकाळ. तेवढ्या वेळात मी स्वयंपाकघरात मुद्दाम भांडी आपटायची. देवाने घर धुऊन नेलं, आणि हा माणूस आभार कसले मानतोय? याला काही होतच नाही का? देवापेक्षाही जास्त राग मला यांचा यायचा.

तरी पाळकसाहेबांना मी शेवटी हो म्हटलं. मनाशी पक्कं केलं होतं, सगळ्यांसमोर उभं राहून सांगून टाकायचं की माझं आणि देवाचं संपलं. यांनाही तसं स्पष्ट सांगितलं. हे एवढंच म्हणाले, "बोल. खोटं मात्र बोलू नकोस."

एप्रिलचा उकाडा, हॉलमध्ये पंखे नुसतेच गरगरत होते. दोघांचं बोलून झालं. मग एका मुलीने मोबाइलवरून अडखळत माझा उतारा वाचला, आणि मी उठले.

"त्या आईला तिचाच मुलगा हवा होता," मी म्हणाले. "दुसऱ्याचा नको होता. ती काय म्हणाली ते कुठेच लिहिलेलं नाही. मला विचाराल तर चिडली असेल. पण त्या शिष्याच्या घरी ती गेली, एवढं लिहिलंय. मनात नसताना गेली असेल."

आता पुढचं वाक्य म्हणायचं होतं, माझं संपलं. ते तोंडातून निघेना. देवच सोडला तर माझी पोर कुणाजवळ आहे म्हणू? इतक्या महिन्यांत हा विचार माझ्या मनाला शिवला नव्हता. तिथे उभं राहिल्यावर तो आला आणि मला रडूच कोसळलं.

"माझी मुलगी त्याच्यापाशी आहे," मी कसंबसं म्हणाले. "मला तसं वाटत नाही. खरं सांगते, काहीच वाटत नाही. तरी मी तेच धरून चालणार आहे. आणि त्याच्याशी भांडणारही आहे."

बसले. कुणीच आमेन म्हटलं नाही.

गुड फ्रायडेला उपासना संपली की आम्ही एकमेकांशी बोलत नाही, मुकाट्याने घरी जातो. मेट्रोच्या फलाटावर पाहते तर हे रडताहेत. ती गेली तेव्हाही मी यांना असं रडताना पाहिलं नव्हतं.

"अहो," मी म्हटलं, "इतके महिने तुम्हाला जमलं तरी कसं?"

"जमतंय कुठे?" हे म्हणाले. "रोज सकाळी उठून ठरवतो, आज विश्वास धरायचा. आज काही केल्या ठरेचना. म्हटलं, तू संपलं म्हणालीस की आपणही उठायचं आणि बाहेर पडायचं. परत यायचं नाही."

गाडी आली. आम्ही चढलो नाही. मी यांचा हात घट्ट धरून तिथेच बाकावर बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा गाळता गाळता मी विचारलं, "ठरलं का?"

"नाही अजून. तुझं?"

"माझंही नाही."

मग कप तसेच ओट्यावर ठेवले आणि यांच्या शेजारी प्रार्थनेला बसले.