पत्ते चोरणारी बाई

लिही पोरी, त्या खेळवाल्या बाईबद्दल लिही. तुझे आजोबा दवाखान्यात होते ना, तिथली. काडीसारखी बारीक, चष्मा दोऱ्याने बांधलेला, खांद्याला पिशवी. पिशवीत चेंडू, मणी, पत्ते. मला तर पहिल्या दिवसापासून तिचा संशय. आजारी माणसांबरोबर पत्ते कुटायचे, आणि त्याचा म्हणे हिला पगार!

तुझे आजोबा शिंपी. अर्धांगाचा झटका आला नि उजवा हात लुळा पडला. डॉक्टर म्हणाले, "हात हलवला नाही तर आखडेल. मग कात्री विसरा." पण हे कुठले ऐकतात! व्यायामवाला आला की भिंतीकडे तोंड. बोलणंही बंद.

पत्त्यांना मात्र उठून बसायचे. बाईने आणलेल्या फळीच्या खाचेत पत्ते उभे करून डाव्या हाताने खेळायचे नि रोज हरायचे. अर्धं बोट कापड कमी असलं तरी ओळखणारा माणूस हरतो कसा? मी दाराआडून पाळत ठेवली. तर काय गं! ह्यांनी जिंकलेले पत्ते उजव्या अंगाला पडलेले, त्यातला एक्का बाईने हळूच बाहीत सरकवला!

ती गेल्यावर मी ह्यांच्या कानाशी लागले, "अहो, चोरटी आहे ती."

"ठा...ऊक आहे," हे बोबडं बोलले. आठ दिवसांनी पहिला शब्द! "उद्या... धरतो."

मी तडक मोठ्या सिस्टरकडे. त्या आपल्या हसतात! "आजी, दोन दिवस दम धरा." म्हटलं, सगळे सामील दिसतात.

दुसऱ्या दिवशी मी खाटेशीच ठाण मांडलं. पत्ते उभे करायची फळी बाईने त्या दिवशी आणलीच नाही. ह्यांचा डावा हात पत्त्यांनी भरलेला. बाईची बोटं एक्क्याकडे निघाली. आणि तो लुळा हात, पोरी, थरथरत, चादरीवरून घसटत गेला नि तिच्या मनगटावर पडला.

"चो...र!"

बाई हलली नाही. डोळ्यांत पाणी, तोंडाने म्हणते, "घट्ट धरा हं काका. सुटले तर पळेन."

धरलं ह्यांनी. रोज धरायला लागले.

पाच महिन्यांनी कात्री हातात घेतली, तेव्हा पहिला झगा तिचाच शिवला. बाह्या अशा तंग की पत्ता मावायचा नाही.

तरी ती घरी आली की मी पत्ते मोजून घेते.