सुपडूच्या घुंगरांची गाठ

२०२५ साल, मला बहात्तरावं चालू. तळोद्याच्या बाजारात मिरच्या निवडत होतो, तिथे पुतण्याचा फोन आला, सुपडूकाका गेले म्हणून. पहिलं मनात आलं ते चांगलं नव्हतं. वाटलं, चला, आता तरी कोणा महाराजाकडे जायचा नाही... मी तिसरी शिकलेला माणूस. जे आलं ते लिहितो.

आमच्या तमाशा पार्टीत सुपडू राणी व्हायचा, माझी ढोलकी. वाकून स्वतः घुंगरं बांधली तर लुगड्याच्या निऱ्या मोडतात, म्हणून आमच्यात ती ढोलकीवाल्यानेच बांधायची. दुसऱ्या कोणाला तो पायाला हात लावू द्यायचा नाही. एकदा खापर गावात खेळ संपल्यावर मी त्याची घुंगरं सोडत होतो, तर म्हणाला, "नथ्थू, मी राणी बनस तव्हय मन्हा आंगमा कोण येस रे?"

"मन्ही ढोलकी येस," मी म्हणालो. तो हसला नाही.

तिथून त्याचं शोधणं लागलं. पावसाळ्यात पार्टी बंद झाली की हा निघाला. एका महाराजाने कानात मंत्र दिला. तो मला सांगितला नाही, जन्मभर नाही... एकाने डोळे दाबून आतला उजेड बघायला शिकवलं. एकाने चार महिने खेळाबाहेर मुकं ठेवलं, तर आमची राणी पडद्यामागे खुणा करून चहा मागायची! आणि बोलायला लागला की कौतुक त्या महाराजांचंच.

"तू बी दीक्षा लई ले ना भो."

"मन्हा कानमा ढोलकी शे. तठे जागा नही."

मग अक्कलकुव्याकडचे महाराज भेटले. त्या वर्षी मी घुंगरं बांधत असताना हा वरून सांगतो, "महाराज म्हणतस, येळ उनी का बंधन आपोआप सुटस." वेळ आली की सुटतं म्हणे! माझं डोकं फिरलं. उजव्या पायाची गाठ मुद्दाम सैल ठेवली. म्हटलं, लोक हसतील, फजिती होईल, मग कळेल आपलं कोण ते. भर गाण्यात घुंगरं सुटून पुढच्या लोकांत पडली. लोक हसलेच. सुपडू मात्र हात जोडून उभा, डोळ्यांत पाणी. "सुटनं रे नथ्थू, सगळं सुटनं!"

तो घुंगरं घेऊन आश्रमात गेला तो गेलाच. बावीस वर्षं. दर दिवाळीला मी जायचो, तो खुर्चीवर डोळे मिटून बसलेला असायचा. इतका निवांत की मला बघवायचं नाही. गाठीचं सांगेन म्हणायचो... नाही सांगितलं.

सुपडू वारला त्याच्या सव्वा महिन्याने आश्रमात त्याचा कार्यक्रम झाला. त्या खुर्चीवर फोटो, पुढे पाटावर तीच घुंगरं. महाराज सांगत होते, गुरुकृपेने ही आपोआप गळाली. मी उठलो. "किरपा नही महाराज. मी गाठ ढिली बांधेल व्हती. जाणीसन."

महाराज हसले. "बाबा, गुरूने तुमचाच हात वापरला." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

सुपडू त्यांचा, मंत्र त्यांचा, आणि आता माझं पापसुद्धा त्यांचंच! घरी न जाता तिथेच ओसरीवर पडून राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आरतीआधी आत गेलो. पाटावरची घुंगरं उचलली, कपाळाला लावली आणि खाली बसून खुर्चीच्या पुढच्या दोन पायांना बांधली. दोन वेढे, वर दाताने ओढून गाठ, पहिल्यासारखी. उजव्या पायाची दोनदा ओढून पाहिली.