नसीमचे सात कार्यक्रम

यासीनभाईंचा फोन आला तेव्हा मी शाळेत, चौथीच्या वर्गावर होते. "भाभी, नसीम गेली," एवढंच ते म्हणाले. नसीम त्यांची बायको, माझी धाकटी नणंद. मुलांचा तेराचा पाढा चालूच होता. मला रडू आलं नाही. दोन वर्षं आठवड्यातून दोनदा तिला भोरहून पुण्याला डायलिसिसला न्यायचं, संध्याकाळी परत आणायचं. त्यातल्या निम्म्या खेपा माझ्या. त्या क्षणी फक्त बसावंसं वाटलं. खुर्ची मागंच होती, बसले. परवा तिचा चाळिसावा झाला. पाहुणे गेले, मागून आणलेले टोप ज्याचे त्याला पोचले. लोक तिला बालवाडीच्या बाई म्हणून ओळखायचे, तसंच सगळे बोलत होते. ती एकदा गायिका होती आणि मी तिच्याबरोबर गावोगाव फिरले होते, ही गोष्ट मात्र कुणी काढली नाही.

दहाएक वर्षं झाली. टीव्हीवर दिवसभर तरुण पोरापोरींची पॉप गाणी चालायची ते दिवस. पुण्याच्या एका कॅसेटवाल्यानं नसीमची आठ मराठी गाणी रेकॉर्ड केली. कव्हरवर तिचा जीनच्या जाकिटातला फोटो होता. जाकीट त्याचंच, फोटो झाल्यावर काढून घेतलं. भोरला आमच्या गल्लीत तो फोटो कुणाला आवडला, कुणाला नाही. सासूबाईंनी त्यांच्याकडची कॅसेट रॉकेलच्या कॅनमागं सरकवून ठेवली. कॅसेटवाल्याचं म्हणणं असं, की आधी आपल्याच तालुक्यांत सात कार्यक्रम कर, शेवटच्याला मी स्वतः येईन, लोक जमले तर दुसरी कॅसेट काढू. माझे मिस्टर तिला म्हणाले, "भाभी संगं जात असंल तर जा." नसीमनं माझ्याकडं बघितलं. ती एकवीस वर्षांची होती, मी चौतिसाची. मे महिना, शाळेला सुट्टी… नाही म्हणायला माझ्याकडं कारणच नव्हतं.

एक टेम्पो, त्यात दोन स्पीकर, कीबोर्ड वाजवणारा दिलीप आणि आम्ही दोघी. लोकांना शेवटची एसटी गाठायची असायची, म्हणून कार्यक्रम पाचला सुरू करायचो. पहिला भोरला शाळेच्या सभागृहात झाला, तिथं नातेवाइकांनी जरा जास्तच टाळ्या वाजवल्या. आंबवड्याला देवळासमोर कुणाच्या तरी लग्नाचा मांडव अजून उभा होता, त्यातच उरकलं. पुढं बसलेले एक म्हातारबा दर गाण्यानंतर विचारायचे, "बाई नाचणार कवा?" भाटघरला तर चौदा माणसं, आणि मागं जनरेटरची घरघर. मला लाज वाटायला लागली. नसीम आठही गाणी म्हणून खाली उतरली. टेम्पोत मी काही बोलायच्या आत म्हणाली, "चौदा तर चौदा, भाभी. आली ती ऐकायलाच आली न्हवं?" उन्हानं तापलेल्या पत्र्याला डोकं लागू नये म्हणून ओढणीची चुंबळ करून ती झोपली. पुढच्या दोन गावांत काय झालं ते मला नीट आठवत नाही. धूळ आठवते, पाठ आठवते.

सहावा वेल्ह्याला. त्या सकाळी नसीम उठली ती आवाज घालवूनच. तोंड उघडलं की नुसती हवा. आणि नेमकी तिथंच गर्दी! हॉल भरला, खिडक्यांच्या गजांना पोरं लटकलेली. दिलीप म्हणाला, रद्द करू. मी म्हणाले, "कॅसेट लाव. ती नुसते ओठ हलवील." नसीमनं मान हलवली, नको. मी तिला बाजूला घेतलं. परवा किकवीला तो कॅसेटवाला येतोय, गळ्याला दोन दिवस मिळतील, कुणाला कळतंय… असं काय काय बोलले. मी थोरली, म्हणून तिनं ऐकलं. सातही कार्यक्रमांत तेवढ्या टाळ्या कुठं पडल्या नाहीत.

नंतर एक म्हातारी नातीचा हात धरून स्टेजपाशी आली. तिला दिसत नव्हतं. चाचपडत तिनं नसीमचा हात शोधला. "लई ग्वाड गातीस गं बाय. मला दिसत न्हाई, निस्तं ऐकू येतंय. गाण्याची एकच वळ कानाशी म्हण की." नसीमनं तोंड उघडलं. खरखर तेवढी आली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, संशयही नव्हता. तिला खरंच कोडं पडलं होतं. "घसा बसलाय व्हय तुजा? मग मगाशी कोण गात हुतं?"



किकवी माझं माहेर, हायवेच्या कडेचं. शेवटचा कार्यक्रम तिथल्या पटांगणात. तिचा आवाज निम्माच परत आला होता. कॅसेटवाला आला, तिची दोन वाक्यं ऐकली आणि म्हणाला, "कॅसेटवरच करून टाका, लोकांना काय कळतंय?" मी परत हो म्हणाले. हे लिहायलाच हवं, मी परत हो म्हणाले. नसीम वर गेली आणि माईक हातात घेऊन म्हणाली, "वेल्ह्याला म्या गायले न्हाई. कॅसेट लावली व्हती. आज जसा हाय तसा आवाज ऐका." दिलीप माझ्याकडं बघत राहिला, मग त्यानं वाजवायला घेतलं. वरच्या सुराला आवाज फाटला. पोरांनी शिट्ट्या मारल्या. चौथ्या गाण्याला निम्म्या खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या आणि कॅसेटवाल्याची गाडी हायवेला लागली होती. ती मात्र आठवं गाणं संपवूनच उतरली. दुसरी कॅसेट निघाली नाही. पुढं तिचं लग्न झालं, भोरलाच बालवाडीत लागली. हातातलं घालवलं म्हणून मला तिचा राग आला, आणि तो बरीच वर्षं राहिला.

गेल्या दोन वर्षांत त्या खेपा करता करता तो कधी विरला ते कळलं नाही. एकदा पुण्याहून येताना एसटीत ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून होती. मी म्हणाले, "नसीम, वेल्ह्याला मीच तुला भरीला घातलं." तिनं डोळे उघडले नाहीत.

"म्या परत गेलते, भाभी."

"कुठं?"

"त्या आजीकडं. गळा बरा झाल्यावर. तुमाला म्हाईतच न्हाई, मैत्रिणीकडं जाते म्हणून सांगितलं व्हतं. घर शोधत गेले. ओट्यावर बसून सगळी गाणी म्हटली, आठीच्या आठी."

"मग? काय म्हणाली?"

नसीम हसली. "काय म्हणतीय… तिसऱ्या गाण्याला झोपली. उरल्याली म्या हळू म्हटली."

चाळिसाव्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिचा डबा आणि शाल आणायला बालवाडीत गेले. नव्या बाई मुलांना गोल बसवत होत्या. "चला, गाणं," असं म्हटल्याबरोबर वीस-बावीस मुलांनी दोन दोन बोटं आपल्या गळ्यावर ठेवली आणि सगळी एकदम गप्प झाली. मी बाईंकडं पाहिलं. "आधीच्या बाईंची सवय," त्या म्हणाल्या. "गळा जागा झाला का ते बघायचं, मगच तोंड उघडायचं. मला जमत नाही, पण मुलं ऐकत नाहीत." मुलं बोटं ठेवून तशीच थांबली होती. मी डबा खाली ठेवला आणि भिंतीला टेकून बसले.