मालूताईंची उलटतपासणी

काय सांगू तुम्हाला, माणूस शहाणा व्हायला बसला की किती वाया जातो ते. घ्या, चहा घ्या, सांगतो.

आमच्या शेजारची श्रुती कॉलेजात आहे. ती आणि तिचे मित्र लोकांना एआयबद्दल जागं करणारे रील बनवतात. एक दिवस म्हणाली, काका, तुम्ही फसणारे काका व्हाल का? म्हटलं, होतो. वर्षभर घरात माझ्याशिवाय कोणी बोललेलं नव्हतं. तेवढीच जाग.

बेत असा. श्रुती आणि तिची मैत्रीण माझ्यासमोर मोबाइल धरून बसणार. त्यांचा मित्र प्रणय बाहेरून फोन करणार, एआयनं बनवलेल्या आवाजात, माझ्या नातेवाइकाचं सोंग घेऊन. मी असा प्रश्न विचारायचा, ज्याचं उत्तर फक्त खऱ्या माणसाला माहीत. उत्तर चुकलं, की फोन ठेवून नंबर ब्लॉक करायचा.

आवाजाचा नमुना कोणी दिला? मीच. माझी मोठी मेहुणी, रामटेकच्या मालूताई, त्यांचे व्हॉट्सअॅपवरचे निरोप मी पोरांना पाठवून दिले.

दुसऱ्या दिवशी सुनंदाचा, माझ्या बायकोचा, पहिला स्मृतिदिन होता. घरी बुद्धवंदना ठेवली होती. मालूताई सकाळी येणार होत्या. सुनंदाच्या माहेरचं आता तेवढं एकच माणूस उरलंय.

अनोळखी नंबरवरून फोन आला. श्रुतीनं अंगठा दाखवला.

"भाऊजी, मालू बोलून राहिली. आजच निघून आली. माझा फोन बंद पडला, एका पोरीच्या फोनवरून लावला. स्टँडवर घ्याले येता का?"

आवाज इतका हुबेहूब, की मला प्रणयचं कौतुक वाटलं.

"आधी सांगा, सुनंदाला कोणती भाजी चालायची नाही?"

"काहून?"

"सांगा तर."

"वांगं."

झालं! चोर सापडला. उत्तर होतं कारलं. सव्वीस वर्षांत आमच्या घरात कारलं आलं नाही. आणि वांग्याचं भरीत? दर रविवारी.

मी खाकरून म्हणालो, "बाई, आवाज छान जमवलाय, पण अभ्यास कच्चा आहे. पुन्हा फोन करू नका." ब्लॉक केलं. पोरींनी टाळ्या वाजवल्या. एकाच टेकमध्ये ओके, म्हणाल्या. मी जरा ताठच बसलो.

दहा मिनिटांनी प्रणयचा फोन. "सॉरी काका, आवाज बनायले टाइम लागून राहिला. आता लावू का?"

मी चप्पल कशी घातली, आठवत नाही.

स्टँडवर पोचलो तेव्हा मालूताई रामटेकच्या परतीच्या गाडीत बसलेल्या. मांडीवर पिशवी. मी खाली उभा राहून खिडकीतून त्यांना एआय समजावून सांगू लागलो. अख्खी गाडी ऐकत होती. कंडक्टरनं घंटी मारायचं थांबवलं, त्यालाही पुढचं ऐकायचं होतं. पण मालूताईंना त्या यंत्राशी देणंघेणं नव्हतं.

"ते सारं जाऊ द्या. माझं उत्तर चुकलं कसं, ते सांगा."

मी कारलं म्हणालो.

त्या हळू आवाजात म्हणाल्या, "कारलं तिले लय आवडे. तुम्ही नाक मुरडता म्हणून आणे नाही. अन् वांग्यानं तिच्या अंगाले खाज सुटे, लहानपणापासून. तुमच्या पानात भरीत वाढे, आपण लोणच्यासंग भाकर खाये. बाजूले बसून जेवत होते ना तुम्ही?"

त्यांनी पिशवी खिडकीतून माझ्या हातात दिली आणि उतरल्या.

घरी आलो तर पोरी थांबलेल्या. श्रुतीनं चाचरत विचारलं, "काका, व्हिडिओ डिलीट करू ना?"

म्हटलं, नको, टाक. फक्त खाली लिही, फोनवरची बाई खरी आहे. नवरा तपासून घ्या.