कोणीच न उचललेलं जातं

नरखेडाकडच्या त्या गावात पोरीची सोयरीक जुळायची झाली की पहिलं बोलावणं गोपिकाबाईला जायचं. पोरगा पाहायला पुरुष जात, घर पाहायला गोपिकाबाई. ती बैठकीत टिकायचीच नाही. चहा होईस्तोवर पाय मोकळे करते म्हणायची आणि थेट मागच्या आंगणात. मोरी पाहायची, बैलाच्या मानेवरचा घट्टा पाहायची, घरची सून सासूसमोर बसते की उभीच राहते ते पाहायची. एकदा एका मालदार घरून ती चहाला हात न लावता उठली. पोरीच्या बापानं वाटेत विचारलं तर म्हणाली, "सगळं बेस हाये. फक्त त्या घरचं कुत्रं घरच्याच माणसाले पाहून खाटेखाली घुसते."

सोयरीक तिथंच मोडली. निरोप धाडायचीही गरज पडली नाही. त्या मुलखात पाहुण्यानं चहा घेतला म्हणजे घर पसंत. कप भरलेला राहिला की समोरचे समजून घेत.

हे डोळे तिला उगीच फुटले नव्हते. तिची थोरली बहीण बिजवराला दिली होती. त्याची पहिली बायको कशानं गेली हे विचारायला बाप लाजला. बहीण कशीबशी वर्षभर नांदली, मग तिचं लुगडं तेवढं माहेरी परत आलं. तेव्हा बापानं त्या गावात चौकशी केली. सगळ्या गावाला आधीपासून माहीत होतं. कोणी विचारलं नव्हतं म्हणून कोणी सांगितलं नव्हतं, इतकंच.

नवरा लवकर गेला. एकुलती पोरगी प्रेमलता तिनं गावातच दिली, दोन गल्ल्या पलीकडं, चंद्रभानला. चंद्रभान गणपतरावांच्या संत्र्याच्या बगीच्यात इंजन चालवायचा. विहिरीवरचं ते तेलाचं इंजन भडभड धूर ओकायचं, आणि चंद्रभान रात्री घरी आला तरी त्याच्या अंगाचा डिझेलचा वास अंथरुणापर्यंत यायचा. काम वाईट नव्हतं. पण गणपतराव चारचौघांत त्याला "ए इंजन" म्हणून हाक मारायचे. ते त्याला काट्यासारखं रुतून बसलं होतं.

एकदा इंजनाचा सुटा भाग आणायला तो नागपूरला, महाल भागातल्या एका दुकानात गेला. तिथं रामाजी नावाचा मुन्शी बसला होता. कन्हानच्या पलीकडं एक कोळशाची खाण होती, तिचा तो माणूस. खाणी तेव्हा सरकारजमा झाल्या नव्हत्या. मालक खाजगी, आणि मुन्शी म्हणेल ती पूर्व दिशा. खाणीत साचलेलं पाणी उपसायला पंप असतो आणि तो चालवायला खलाशी लागतो. रामाजीनं चंद्रभानचे काळे हात पाहिले आणि तिथंच बोलणं काढलं. बारमाही पगार, राहायला क्वार्टर, क्वार्टरात लाइट. पहिला खलाशी गेला, जागा रिकामी आहे. पोळ्याच्या आत या.

चंद्रभान गावात उतरला तो तरंगतच. घरी जायच्या आधी त्यानं गणपतरावांना सांगून टाकलं, "उद्या दुसरा माणूस पाहा." आणि मग सासूच्या ओसरीवर पेढे घेऊन आला. त्याच्यासोबत रुपराव होता. बगीच्यात त्याच्या हाताखाली काम करायचा, जिभेनं मोकळा.

गोपिकाबाईनं पेढा हातात घेतला, तोंडात घातला नाही.

"जवाईबापू, घर पायलं का?"

"कोणाचं घर, मामी?"

"नोकरीचं."

रुपराव हसला. "नोकरीले काय चूल अन् मोरी असते का, मामी?"

"पहिला खलाशी काहून गेला?" तिनं जावयालाच विचारलं.

"मले काय करा लागते त्याचं? गेला तं गेला."

"बिजवर हाये हे नोकरी. पहिलीचं काय झालं ते इचारा लागते बापू. प्रेमीचे दिवस भरत आले. तिले त्या क्वार्टरात न्यायचं असन, तं मले ते पायल्याबिगर जमणार नाई."

"ने गा चंद्रभान, सासूले संग ने," रुपराव म्हणाला. "मुन्शीले सांग, पोरगा पाहायले आलो म्हणून."

चंद्रभानला लाज वाटली, पण प्रेमलता आतून म्हणाली, "जाऊ द्या ना तिले. पाहून तं येऊ द्या." मग त्याचा इलाज चालला नाही.

दुसऱ्या दिवशी ते एस.टी.नं नागपूरला आणि तिथून कन्हानला गेले. नदीपुढं खाणीचा ट्रक होता, त्यात ड्रायव्हरच्या बाजूला गोपिकाबाई बसली. रस्त्याच्या बाभळी काळ्या धुळीनं माखलेल्या. एका जागी जमीन खचून मोठा खळगा पडला होता; त्याच्याभोवती काट्यांचं कुंपण घातलेलं आणि आत काळं, हलत नसलेलं पाणी.

"हे काय गा?"

"जुनी खाण. बंद हाये," ड्रायव्हर म्हणाला.

"अन् तुमचा पहिला खलाशी कुठी गेला?"

"भिलाईले लागला म्हणते. मले पक्कं नाई ठाऊक." त्यानं गिअर बदलला.

खाणीवर माणसं जेवायला बसली होती. पंचवीस-तीस माणसं एका शेडखाली, आणि कोणाचा आवाज नाही. गोपिकाबाईनं लग्नाच्या पंगती पाहिल्या होत्या, तेरवीच्याही पाहिल्या होत्या. तेरवीतसुद्धा कोणी तरी भाजीला नावं ठेवतंच. इथं नुसतं चावणं ऐकू येत होतं.

रामाजी मात्र दहा पावलं सामोरा आला. "सासूबाई आल्या, लय बेस झालं." त्यानं खुर्च्या पुसायला लावल्या, चिवडा मागवला, चहा सांगितला. गोपिकाबाईच्या मनात आलं, पोरगी पाहायच्या आधीच मांडव घालायला निघालेलं घर आहे हे.

"पहिले खलाशी कुठले होते जी?" तिनं विचारलं.

"सावनेराकडचे. घरची शेती होती, गेले बिचारे शेतीवर."

"हो का," ती म्हणाली, आणि नेहमीसारखी उठली. "मी जरा क्वार्टर पाहून येतो."

क्वार्टर चांगलं होतं. रांगेतलं शेवटचं, ताजा चुना मारलेला, इतका ताजा की ओला वास येत होता. एक खोली, एक चूल, भिंतीत खुंट्या. दाराला बाहेरून कडी. आणि चुलीशेजारी कोपऱ्यात एक जातं.

ती खाली बसली. जातं काळ्या दगडाचं, जड, खुंटा घट्ट. वरची तळी तिनं जरा उचलून पाहिली. दगडाला छिन्नीनं नुकतीच टाकी लावलेली. नवे खवले बोटांना टोचले. दोन तळ्यांमध्ये ज्वारी तशीच होती, अर्धी भरडलेली, किड्यांनी जाळं धरलेली. चुना मारणाऱ्यानं जातं हलवलं नव्हतं. त्याच्या मागची भिंत जात्याच्या आकाराएवढी जुनीच राहिली होती.

बाई घर सोडते तेव्हा फुटका माठ सोडते, झाडणी सोडते. जातं सोडत नाही. आणि जाणारी बाई जात्याला टाकी लावून घेत नाही.

मागच्या दारी शेजारीण दळत बसली होती. कौसल्या तिचं नाव. नवरा त्याच खाणीत. तिच्या जात्याची वरची तळी चिरलेली, तारेनं आवळलेली. दर फेऱ्याला तार दगडावर खर्र वाजायची.

"आतलं जातं कोणाचं वं, बाई?"

"पहिल्याईचं."

"बेस हाये. तुहं तं फुटलं. तू काहून नाई आणलं?"

कौसल्याचा हात थांबला. "राहू द्या ना. ज्याचं त्याचं."

"साऱ्या लायनीत कोणाले नाई पायजे?"

कौसल्यानं पदरानं तोंडावरचं पीठ पुसलं.

"कुठी गेले थे लोक?"

"बालाघाटकडं म्हणते."

"भिलाई, सावनेर, बालाघाट," गोपिकाबाई म्हणाली. "एक माणूस किती गावाले गेला वं?"

कौसल्यानं वर, खाणीत माणसं उतरवणाऱ्या चाकाकडं पाहिलं. चाक फिरत होतं. मग ती पीठ गोळा करत करत, मान खाली घालूनच बोलली.

"थे बाई गेली. तिले ट्रकात बसवून देली. जातं जड म्हणून ड्रायव्हरनं चढू नाई देलं. तो कुठी जाते? तो खालीच हाये."

"खाली?"

"बंद खाणीचं पाणी फुटलं. बाकीचे वर आले. त्याले सांगतलं होतं, पंप सोडू नोको. आता म्हणते तो पळून गेला. पळालेल्याच्या बायकोले काही द्या नाई लागत."

"अन् पाणी?"

"पाणी हायेच ना. म्हणून तं खलाशी पायजे." तिनं पुन्हा खुंटा धरला. "माहं नाव नोको घेजा बाई. आमचा माणूस बी खालीच उतरते."

गोपिकाबाई परत आली तेव्हा चंद्रभानचा कप रिकामा झाला होता आणि तो मुन्शीच्या कोणत्या तरी गोष्टीवर हसत होता. तिचा कप तिच्या खुर्चीसमोर भरलेला, वर साय धरलेली.

"घ्या ना जी," रामाजी म्हणाला.

"मले चालत नाई."

चंद्रभानचं हसू गेलं. सासू दिवसातून चारदा चहा पिते हे त्याला ठाऊक होतं. रामाजीही त्याच मुलखातला होता. तो त्या कपाकडं थोडा वेळ पाहत राहिला.

"पोळ्याच्या आत कळवा," तो म्हणाला. "आमाले माणसाची कमी नाई."

कन्हानच्या स्टँडवर तिनं सगळं सांगितलं. चंद्रभान पेटलाच.

"कोण्या बाईनं काही सांगतलं अन् तुमी आयकून घेतलं. मी गणपतरावले नाई म्हणून बसलो. आता कोण्या तोंडानं जाऊ?"

"याच तोंडानं जा. हे तोंड वर हाये तवापर्यंत."

"थे बाई खोटं सांगत असन तं?"

"असन. बाया खोटं लय बोलते. मंग फुटक्या जात्यावर काहून दळून राहिली थे? इतकं बेस जातं दाराशी पडलं, फुकटचं. गरिबाची लाइन हाये ते, जवाईबापू. तठी तुटकी चप्पल कोणी सोडत नाई."

बस आली, चंद्रभान चढला, आणि गावापर्यंत खिडकीबाहेर पाहत बसला.

गणपतरावांनी त्याला परत घेतलं. सगळ्या मजुरांसमोर उभं करून विचारलं, "काय बे इंजन, खाण आवडली नाई का?" आणि मगच चाबी दिली. चंद्रभाननं ती घेतली. सासूशी बोलणं मात्र त्यानं टाकलं. प्रेमलताला पोरगी झाली, बारसं झालं, तरी तो ओसरीवर आला नाही. मले माणसात खाली पाहायले लावलं, असं तो म्हणायचा. गोपिकाबाई म्हणायची, म्हणू दे.

रामाजी खोटं बोलला नव्हता. माणसाची कमी नव्हती. पोळा झाला, दसरा झाला, आणि एका सकाळी गोपिकाबाई आंगण सारवत होती तर रुपरावची बायको यमुताई डोक्यावर जातं घेऊन दारात उभी. मागं रुपराव, हातात ट्रंक, डोक्याला नवा रुमाल.

"मामी, हे ठेवून घेता का? होळीले येऊ तवा नेईन."

"कुठी चालले वं?"

"कन्हानले. यायले खाणीत काम लागलं. क्वार्टर भेटला." यमुताईचं तोंड फुललं होतं. "मुन्शी म्हणे, जातं कायले वागवता, तठी आयतं हाये. टाकी लावलेलं."

गोपिकाबाईचे हात शेणातच राहिले. तिनं रुपरावला बोलावलं आणि तोंडावर सांगितलं, जे कौसल्यानं सांगितलं होतं तेच, कमी नाही की जास्त नाही. फक्त कौसल्याचं नाव घेतलं नाही. यमुताई नवऱ्याकडं पाहू लागली.

"चंद्रभानले इचार," गोपिकाबाई म्हणाली. "तो संग होता."

"इचारलं मी," रुपराव म्हणाला. "तो म्हणते, मले काही दिसलं नाई, मामीलेच दिसलं." मग तो हसला, पण पहिल्यासारखं मोकळं नाही. "मामी, माह्या सासूले जाऊन दहा वर्षं झाले. माही नोकरी पाहायले कोणी नाई, म्हणून तं मले भेटली."

एस.टी.चा भोंगा झाला. यमुताईनं जातं घाईघाईनं ओसरीच्या कोपऱ्यात उतरवलं. दगड दगडावर आपटून एकदाच वाजला, आणि ती नवऱ्यामागं पळाली.

थंडी सरली. होळी आली. पोरांनी गोवऱ्या चोरल्या, गाव रंगलं, संध्याकाळची शेवटची गाडी येऊन रिकामी वळली. रुपराव आला नाही, यमुताई आली नाही. कन्हानकडून आलेल्या एका माणसाला गोपिकाबाईनं विचारलं तर तो म्हणाला, रुपराव ना, तो तं बल्लारपूरकडं गेला म्हणते.

चैत्रात प्रेमलता पोरीला कडेवर घेऊन आली. तिच्या जात्याचा खुंटा मोडला होता. ती ओसरीवर थबकली, कोपऱ्यातल्या जात्यावरची धूळ तिनं पदरानं पुसली.

"माय, यमुचं जातं खालीच पडून हाये. घेऊन जाऊ का तवापर्यंत?"

"राहू दे," गोपिकाबाई म्हणाली. "हात नोको लावू."