कुल्फीच्या बर्फात आलेलं रक्त

मित्रहो, आज दुपारी रक्तदानाला गेलो होतो. रक्तपेढीच्या खिडकीपाशी गांधीबागेत कुल्फी विकणारे एक काका उभे होते. संध्याकाळी त्यांच्या सुनेचं ऑपरेशन, रक्त लागणार. पेढीतलं रक्त तिला चालेल का हे जुळवून बघण्यासाठी तिच्या रक्ताची नळी रुग्णालयाने काकांच्याच हाती दिली होती.

तंत्रज्ञ ताईंनी नळी यंत्रात फिरवून उजेडात धरली. "वर पिवळं पाणी आणि खाली लाल पेशी दिसायला पाहिजेत, काका. हे सगळंच लाल झालं. गोठून पेशी फुटल्या. कशात आणली?"

"मिठाच्या बर्फात जी. माही कुल्फी दिवसभर वितळत नाही त्यात."

"कुल्फी गोठवतात काका, रक्त नुसतं गार ठेवतात. नवी नळी आणा."

काकांचा चेहरा उतरला. "मले कोणी सांगितलंच नाही, म्याडम."

मी त्यांना स्कूटरवर बसवलं आणि रुग्णालयाकडे निघालो. वाटेत ते म्हणाले, "आपण अडाणी माणूस जी." मी म्हणालो, काका, ज्यानं नळी दिली आणि दोन शब्द दिले नाहीत, अडाणी तो.

नवी नळी आम्ही बर्फाशिवाय, तडक रक्तपेढीत पोहोचवली. रक्त जुळलं. ऑपरेशन तासभर उशिरा, पण सुरू झालं.

उद्या सकाळी मी सुनेच्या वॉर्डात एक पाटी घेऊन जाणार आहे: 'रक्ताची नळी गोठवू नका, लगेच पोहोचवा.' ती भिंतीवर लागेपर्यंत तिथून हलणार नाही.

तुमच्या हाती अशी नळी दिली, तेव्हा कुणी काही सांगितलं होतं का?