मॅडम, तुमची जागा खिडकीत!

मंडळी, सायबर कॅफेत बसून लिहून राह्यलो. डोकं अजून गरम आहे.

सकाळी एमआयडीसीच्या रस्त्यावर माझा मामा मोटारसायकलवरून पडला. दवाखान्यात नेल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "काही औषध चालू आहे का?" मामा म्हणाला, "बिलकुल न्हाई." डॉक्टरांनी दुखण्याचं इंजेक्शन लिहिलं आणि चिठ्ठी देऊन मला औषधाच्या खिडकीवर पिटाळलं.

खिडकीत ती बसलेली. फार्मसीला आम्ही एकाच वर्गात होतो. मी कॉलेज अर्ध्यात सोडलं, तिनं पूर्ण केलं. माझा जीव अजून तिच्यातच आहे, पण ते जाऊ द्या.

तिनं इंजेक्शन दिलंच न्हाई. मामाला काही औषध चालू न्हाई म्हटलं, तरी तिला पटलं न्हाई. उठून सरळ आत मामाच्या खाटेपाशी आली अन् म्हणाली, "मामा, सकाळी चहासंगं काय घेता?"

"ती व्हय? हार्टचा व्हॉल्व बदलला तवापासूनची रोजची गोळी. तिला काय औषध म्हणत्यात का?"

ती डॉक्टरांकडं वळली. "सर, ती रक्त पातळ करायची गोळी असणार. ह्या इंजेक्शननं रक्तस्राव वाढेल."

डॉक्टर सगळ्यांदेखत खेकसले, "मॅडम, तुमची जागा खिडकीत!" अन् गुपचूप चिठ्ठीवरचं इंजेक्शन खोडलं.

मी अंगावर धावून गेल्तो. तिनंच हात धरला. "भांडतोस काय? कॉलेज सोडलं नसतंस तर हे सांगायला आज आपण दोघं असतो."

मामा बरा आहे. पण तुम्हीच सांगा, ह्या पोरीची जागा खिडकीत की पेशंटच्या उशाशी? अन् मी आता चिडू तरी कोणावर?